काळजाचे पाट



२०२१ च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील जामदे या गावी ह.भ.प. ताजोद्दीन महाराज शेख यांनी कीर्तन चालू असतानाच देह ठेवला. हृदयविकाराचा झटका आला आणि नारदाच्या गादीवरच सेवा संपली. जन्माने मुसलमान, पण कितीतरी वर्षे ज्ञानोबा-तुकोबांच्या वचनांत रमलेला हा कीर्तनकार मराठवाड्यातून खानदेशात सेवेसाठी आला होता. त्यांच्या अखेरच्या कीर्तनाची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. पुढे कित्येक महिने मी जिथे जाईन तिथे एकच बोल कानी पडे, "काय भाग्य! मरण यावे तर असे यावे."

महाराजांपुरते ते मला मान्य आहे. उभा जन्म ज्या नामात घालवला तेच ओठांवर असताना जाणे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हा 'भाग्यवान' शब्द मग पसरत जातो. पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी कपाशीत फवारणी करता करता कोसळला, भाग्यवान, हाल नाही झाले. दिंडीतली माउली विसाव्यावर बसली ती उठलीच नाही, भाग्यवान, वाटेत गेली. मागे दोन लेकरे, सोसायटीचे कर्ज आणि अर्धी पेरणी राहिली तिला कोणते भाग्य म्हणायचे? मी पन्नास वर्षे कीर्तन केले, आता गळा आणि गुडघे दोन्ही थकले म्हणून घरी आहे. बसल्या बसल्या मागची नावे आठवतात, तेव्हा ध्यानात येते की यातली बरीच मंडळी आयुष्य सरले म्हणून गेली नाहीत. वेळेत कोणी पाहिले नाही म्हणून गेली.

देहाविषयी आपल्या संतांचे बोलणे अर्धेच ऐकायची आपल्याला खोड आहे. देह नाशवंत, देह मळाचा, हे पाठ होते. नाथबाबांनी भागवताच्या नवव्या अध्यायात जो तोल सांगितला तो मात्र राहून जातो. या शरीराला ओवाळूही नये, झिडकारूही नये, परमार्थाच्या कामाला जुंपावे, असा त्याचा भाव. बैल कामाला जुंपायचा तर त्याला वैरण-पाणी वेळेवर लागते, हे शेतकऱ्याला काय सांगायचे? गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे खाणे, हिंडणे, झोपणे, जागणे मोजून-मापून असावे असे भगवंत सांगतात, आणि माउलींनी तो भाग ज्ञानेश्वरीत इतक्या प्रेमाने उलगडला आहे की वैद्यानेही मान डोलवावी. आळंदीला विद्यार्थी असताना आम्ही त्या ओव्या चालीवर म्हणत असू. म्हणून झाल्या की पंगतीला बसत असू.

आता आत काय होते ते पाहू. साक्री-धुळ्याकडच्या, पांझरेकाठच्या वाचकांना फड बागायत ठाऊक आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि प्रत्येक फडाला पाळीने पाणी. पाटकरी रोज पाटावरून फिरतो आणि गाव मिळून गाळ काढते. शेकडो वर्षे ही रीत चालली. हृदय हे त्या बंधाऱ्यासारखे समजा. साऱ्या अंगाला रक्त तेच पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या मांसाला रक्त मिळते ते दोन मुख्य रक्तवाहिन्या आणि त्यांच्या फांद्यांतून. त्यांच्या कडेला वर्षानुवर्षे चरबीचा थर धरत जातो. थर नुसता वाढत गेला तर चढ चढताना, घाईने चालताना छाती भरून येते आणि थांबले की ओसरते. ती सूचना असते. पण पुष्कळदा थर फार मोठा नसतानाच एक दिवस फाटतो आणि फाटल्या जागी रक्ताची गुठळी धरते. काठावरचे ढेकूळ निखळून चारीचे तोंडच बुजावे तसे होते. त्यापुढच्या फडाला पाणी नाही. हृदयाचे तेवढे मांस घटकेघटकेला मरू लागते. 'काल तर चांगला पाच मैल चालला होता,' असे जे आपण मौतीला म्हणतो त्याचे उत्तर यात आहे.

हा थर धरतो कशाने? २००४ साली जगातल्या ५२ देशांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात आपला देशही होता. तंबाखू, रक्तातली वाईट चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळे कमी खाणे, अंगमेहनत नसणे आणि दारू, एवढ्या नऊ गोष्टींनी पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के हिशेब लागतो, असे त्यात दिसले. आणखी एक गोष्ट दिसली ती आपल्या काळजीची. आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो.

या नवांपैकी दारू माळकऱ्याने केव्हाच सोडली आहे. मांस सोडले आहे. म्हणून आपल्यात एक समज घट्ट बसला आहे की गळ्यात तुळशीची माळ आली म्हणजे काळजाला कवच मिळाले. माउली, माळ गळ्यात आणि तंबाखूची पुडी बाराबंदीच्या खिशात, असे किती जण तुमच्या दिंडीत आहेत ते एकदा मोजा. काकड्याआधी मिश्री, भजन संपले की चिमूट, कीर्तनाला बसताना दाढेखाली गोळी. बायामाणसांतही मिश्रीचे प्रमाण कमी नाही. 'धूर तर काढत नाही ना महाराज,' असे मला वर ऐकवतात. धूर न काढता चघळलेल्या तंबाखूनेही झटक्याचा धोका दुपटीच्या घरात जातो. तिचा अंमल नाडी वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. मद्याला आपण अभक्ष्य मानले आणि हिला मात्र फराळाच्या डब्यात जागा दिली, याचे मला नेहमी नवल वाटते. विडी सोडणाऱ्याला एक दिलासा आहे. सोडल्यापासून साधारण वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो. पन्नाशीला सोडा, साठीला सोडा, फळ मिळतेच.

आता आपल्या ताटाविषयी. इथे मला थोडे सैल बोलू द्या, कारण खानदेशी माणसाला जेवणावर बोलायला लावले की तो कीर्तनाचा उत्तररंगही विसरतो. आपली मूळ भाकरी कळण्याची, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. तिच्यासोबत अंबाडीची भाजी, ठेचा, कांदा. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते वांगे काड्यांवर भाजून, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचले की दुसरे काही लागत नाही. रावेर-यावलच्या केळीत पोटॅशियम भरपूर, रक्तदाबाला ते चांगले. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्याने तेवढे डॉक्टरांना विचारून खावे. असे हे ताट एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाने सांगून वाढावे तसे आहे. मग बिघडले कुठे? बिघडले ते तर्रीत. भरीतावर तेलाची धार, शेवभाजीवर बोटभर तवंग, वर पुन्हा शेव. वरणासोबतची बट्टी आधी उकडायची, मग तळायची आणि तुपात बुडवायची. शेंगदाण्याचे तेल वाईट नाही, त्यात कोलेस्टेरॉल नसते, हे खरे. पण माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे असा साधा हिशेब आहे आणि सप्ताहातला आचारी तेवढे एका पंगतीत माणशी मुरवेल की काय अशी भीती वाटते! शिवाय तळणाचे तेच तेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तापते, ते आणखी वाईट. वनस्पती तुपातल्या घातक चरबीवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण कढईत वारंवार जळालेल्या तेलावर पहारा ठेवायला पंगतीत कोण येणार?

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, तोही भाजी, भाकरी, लोणचे सगळे धरून. आमच्याकडे उडदाचा पापड, बिबडे, कुरडई, लोणचे आणि ठेचा यांतच तो चमचा संपतो. मिठाने रक्तदाब वाढतो आणि रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. १४०/९० च्या वर तो वर्षानुवर्षे राहतो आणि माणूस म्हणतो, मला काही होत नाही.

एकादशीचे काय सांगू? एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण कोणा निंदकाने केलेली नाही, घरातल्याच माणसाने केली आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ. त्यावर दाण्याचे कूट, बटाटा, तूप, वर तळलेले पापड. ही एकादशी मधुमेह्याला द्वादशीपर्यंत नीट पोचू देत नाही. भगर, ताक, राजगिरा, एखादे फळ, एवढ्यावर एकादशी होते. माझ्या गुरुजींची तर नुसत्या पाण्यावर होई, पण त्यांची साखर वाढलेली नव्हती. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्याने निर्जळी करू नये. त्यात पांडुरंगाचा रोष नाही, याची हमी मी देतो.

चालण्यात मात्र आपण वारकरी जगाच्या पुढे, असे वाटते ना? १९५३ साली लंडनमधल्या बसगाड्यांवरच्या माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुमजली बस, चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिने चढून-उतरून तिकिटे फाडणारा. वस्ती तीच, नोकरी तीच. पण बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा चढ-उतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. हे वाचले तेव्हा मला दिंडीबरोबर चालणारे टाळकरी आणि दिंडीमागून गाडीत येणारे आम्ही महाराज लोक आठवले. कीर्तनकाराचे जिणे त्या बसचालकासारखेच असते. रात्री बारापर्यंत कीर्तन, मग जेवण, मग मोटारीत बसून पुढचे गाव, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा चहा. तरुण कीर्तनकारांनो, तारखा तुमच्या भरलेल्या आहेत, त्यात सकाळची चाळीस मिनिटे पायांसाठी मोकळी ठेवा. कीर्तनाआधी हलके जेवा, नंतर नुसते दूध घ्या. यजमान रागावतील, रागावू द्या.

पण टाळकऱ्यांनीही गाफील राहू नये. कोथळी-मुक्ताईनगरहून निघणारी आदिशक्ती मुक्ताईंची पालखी बुलढाणा, जालना, बीड ओलांडून महिन्याहून अधिक चालते. इतकी लांबची वाट फार थोड्या पालख्यांना आहे. ज्येष्ठात निघायचे तेव्हा आमच्याकडची जमीन अजून तव्यासारखी असते. अकरा महिने दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे आणि बाराव्या महिन्यात एकदम वीस-वीस किलोमीटर उन्हातून, डोक्यावर बोचके घेऊन चालायचे. या अचानक ओझ्याने नाजूक हृदय भांबावते. घामाने पाणी जाते, रक्त दाट होते, नाडी धावते. वारीचे चालणे वर्षाला एकदा पुरत नाही. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे हा वर्षभराचा नेम असावा आणि प्रस्थानाच्या दोन महिने आधीपासून रोज थोडे थोडे वाढवावे. चाळिशी उलटलेल्याने निघण्याआधी रक्तदाब, साखर आणि डॉक्टर म्हणतील तर हृदयाचा आलेख काढून घ्यावा. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. आता तर शासनही 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' म्हणून पालखीमार्गावर तपासणीची ठिकाणे ठेवते. दर्शनाच्या रांगेत आठ तास उभे राहतो, तिथे दहा मिनिटे बसायला काय हरकत आहे?

आता एक आठवण, जी लिहावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला. माझ्यासोबत बावीस वर्षे मृदंग वाजवणारा एक गृहस्थ होता. नाव लिहीत नाही. हात असा की अभंगाचे चरण आधी त्याला कळत आणि मग मला. तापीकाठच्या एका गावी सप्ताहाला तो गेला होता. मी त्या सप्ताहात नव्हतो. जागराच्या रात्री तीनच्या सुमारास तो उठून बसला आणि शेजारच्याला म्हणाला, "छातीमा दुखस." घामाने सदरा भिजलेला. कोणी म्हणाले पित्त आहे, त्याला खायचा सोडा पाजला. कोणी तेल लावून पाठ चोळली. जबडा दुखतो म्हणाला तर दाढ असेल असे ठरले. काकडा होऊ द्या, उजाडले की गाडी काढू, असे कोणा वडीलधाऱ्याने सांगितले आणि सगळ्यांना पटले. काकडा झाला, आरती झाली, गाडी निघाली तोवर चार तास गेले होते. वाटेतच आटोपले. एकोणपन्नास वर्षांचा होता. दहाव्याला त्याची घरधनीण मला एवढेच म्हणाली, "महाराज, शंभर माणसं मंडपात होती. एकालाही रातची गाडी काढावीशी नाही वाटली?" कीर्तनात मी पुष्कळ शंकांची उत्तरे दिली आहेत. हिला दिले नाही.

म्हणून ही खूण प्रत्येकाने पाठ करावी. छातीच्या मधोमध दाब, जळजळ किंवा ओझे ठेवल्यासारखे वाटणे. ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, पाठीत उतरणे. थंड घाम, दम, मळमळ. बायांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये कधीकधी छातीत फारसे दुखतही नाही. नुसता थकवा, दम आणि ओकारीची भावना येते, म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष हवे. असे दिसले की पित्त की काळीज याचा निवाडा मंडपात करू नये. लगेच १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत. रुग्णाला चालवू नये, टेकवून बसवावे. ऍस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी, तिची ऍलर्जी नसेल आणि पोटात रक्तस्राव किंवा डॉक्टरांची मनाई नसेल तर, चघळायला द्यावी. जिभेखालची गोळी मात्र शेजाऱ्याची घेऊन देऊ नये, तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. पहिला तास सोन्याचा. गुठळी विरघळवण्याचे औषध किंवा बुजलेली वाहिनी मोकळी करण्याचा उपाय जितका लवकर, तितके मांस वाचते.

आणि माणूस कोसळलाच, हाक मारून ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर त्याला सपाट जमिनीवर निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायचे. सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत न थांबता. थकले की दुसऱ्याने घ्यायचे. लोकांना ही गती साधत नाही असे शिकवणारे डॉक्टर सांगतात. मला हसू आले. सेकंदाला दोनाच्या आत-बाहेर ठोका म्हणजे आपल्या चालत्या दिंडीतली नामाची लय. टाळकऱ्याच्या हातात ती जन्माची बसलेली आहे. मनातल्या मनात 'ज्ञानोबा-तुकाराम' धरावे आणि दाबत राहावे. दिंडीत सात-आठ जणांनी तरी हे शिकून घ्यावे, त्यातही मृदंगी आधी.

मनाच्या ताणाविषयी थोडेच लिहितो, कारण त्यावर आपण वारकरी फार बोलतो. कपाशीचा भाव पडला, लेकीचे लग्न अडले, रात्री झोप नाही, हेही त्या नऊ कारणांत आहेच. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ साली मोजक्या लोकांवर पाहिले होते की माळेवरचा ख्रिस्ती जप काय किंवा आपल्याकडचा मंत्र काय, संथ म्हटला की श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या तालाला ते मानवते. हरिपाठ रोज म्हणणाऱ्याला याचे आश्चर्य वाटू नये. पण हरिपाठाने बुजलेली वाहिनी उघडते असे कोणी सांगू लागला तर त्याला हात जोडून पुढे निघा. नाम हे औषधाच्या दुकानात मोजायचे नाही, आणि औषधाची जागाही त्याला द्यायची नाही.

आमच्या दिंडीत दोन वर्षांपासून एक रीत पाडली आहे. प्रस्थानाच्या आधी प्रत्येकाने आपले नाव, घरचा फोन, दुखणे आणि चालू गोळ्या एका कागदावर लिहून विणेकऱ्याकडे द्यायच्या, एक प्रत स्वतःच्या खिशात. गोळ्या महिनाभराच्या सोबत, उन्हात तापणार नाहीत अशा डब्यात. गेल्या वर्षी कागद गोळा करताना सत्तरीच्या एका माउलीने डोक्यावरची तुळस खाली न ठेवताच विचारले, "महाराज, रक्तदाबाची गोळी एकादशीला चालते का? मी त्या दिवशी सोडते." मी म्हटले, "माय, पाण्यासोबत घ्या आणि तुळस घेऊन पुढे चला." तिने कागदावर माझ्याच हाताने लिहून घेतले, गोळी सकाळी एक, एकादशी धरून.